दाराची काच फुटली: क्लेम करायचा की खिशातून भरायचे?

निगडीच्या एका ताईंनी विचारले आहे: ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली. गाडी ११९७ सीसीची हॅचबॅक आहे, पॉलिसीचे चौथे वर्ष चालू आहे, झीरो डेप (बदललेल्या भागांवर घसारा कापू नये म्हणून घ्यायचे जादा कव्हर) घेतलेले आहे. आजवर एकही क्लेम नाही, त्यामुळे एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात दरवर्षी वाढत जाणारी सूट, ३५ टक्के. सर्व्हिस सेंटरने ३,९०० रुपयांचे एस्टिमेट दिले आहे: काच २,६००, रबर ७००, लेबर ६००. एजंट म्हणतो काच फुकट बसेल, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात हजार रुपये तुम्हाला भरावे लागतील. खरे कोणाचे, आणि क्लेम करू का?

ताई, हजार रुपयांबद्दल सर्व्हिस सेंटरवाले बरोबर आहेत. आणि माझा सल्ला विचाराल तर हा क्लेम करू नका. बावीस वर्षे मोटार सर्व्हेअर म्हणून, म्हणजे क्लेममधले नुकसान तपासायचे, काम केले, त्यात काचेचे क्लेम शेकड्यांनी पाहिले. एका दाराच्या काचेसाठी क्लेम करून फायद्यात राहिलेली माणसे मोजकीच भेटली. असे का, ते आकड्यांनिशी सांगतो.

आधी एजंटच्या 'फुकट' या शब्दाचे मूळ पाहू. गाडीचा भाग बदलला की कंपनी त्यावर घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, आणि पत्र्याच्या किंवा इतर धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिल्या सहा महिन्यांत शून्य, मग वाढत वाढत तुमच्या गाडीच्या वयाला, म्हणजे तीन ते चार वर्षांना, २५ टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. या तक्त्यात काच एकटीच अशी आहे की तिच्यावर घसारा शून्य. गाडी कालची असो की बारा वर्षांची, काचेची पूर्ण किंमत धरली जाते. त्यासाठी झीरो डेपही लागत नाही, साध्या पॅकेज पॉलिसीतच, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत, ते असते. एजंट लोक यालाच 'काच फुकट' म्हणतात.

पण घसारा वेगळा आणि वजावट वेगळी. घसारा भागावर लागतो, वजावट क्लेमवर लागते. पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये ही सक्तीची वजावट आहे. पॉलिसीत ती 'आयएमटी २२' या कलमाने येते आणि झीरो डेपने ती जात नाही. वर्कशॉपमध्ये हिलाच 'फाइल चार्ज' म्हणतात, आणि या नावाने बराच घोळ होतो. ग्राहकाला वाटते ही वर्कशॉपची फी आहे, घासाघीस केली तर सुटेल. ती वर्कशॉपची नसतेच. विमा कंपनी तेवढी रक्कम कापूनच वर्कशॉपला पैसे पाठवते, म्हणून ते तुमच्याकडून घेतात. कोणी 'फाइल चार्ज माफ करतो' म्हणाले, तर ते हजार रुपये बिलात दुसरीकडे कुठेतरी बसवलेले असतात. असे बिल मंजूर करायला मी कधीच तयार नव्हतो, आणि तुम्हीही त्यात पडू नका.

आता तुमचे एस्टिमेट मांडू. साधी पॉलिसी असती तर काचेचे २,६०० पूर्ण, रबराचे अर्धे म्हणजे ३५०, लेबर ६०० पूर्ण, असे ३,५५० झाले असते. त्यातून वजावटीचे १,००० गेले की कंपनीकडून २,५५०. तुमचे झीरो डेप आहे, म्हणून ३,९०० उणे १,०००, म्हणजे २,९००. या घटनेत झीरो डेपने तुमचे वाचवले ते ३५० रुपये. शिवाय बऱ्याच झीरो डेप कव्हरमध्ये वर्षाला दोनच क्लेमची मर्यादा असते. त्यातला एक ३५० रुपयांसाठी खर्च करायचा का, हाही प्रश्न आहेच.

एक गोष्ट आधी तपासा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, म्हणजे शेड्यूलमध्ये, 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' अशी ओळ असते. तिच्यासमोर शून्य आहे की आकडा? ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून तिथे २,५०० किंवा ५,००० निवडलेले असते आणि घेणाऱ्याच्या ते लक्षातही नसते. ही ऐच्छिक वजावट सक्तीच्या वजावटीवर चढते. २,५०० असेल तर तुमच्या क्लेममधून एकूण ३,५०० कापले जातील आणि हातात ४०० रुपये येतील. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकात, २,५०० च्या ऐच्छिक वजावटीला स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओडीच्या, हप्त्यात २० टक्के सूट होती, पण कमाल ७५० रुपये. ५,००० ला २५ टक्के, कमाल १,५००. हल्ली कंपन्या आपापले दर लावतात, तरी अंदाज यावा म्हणून हे आकडे दिले. छोटे क्लेम करायचेच नाहीत असे ठरवलेल्या माणसाला हा सौदा वाईट नाही, उलट चांगला आहे. छोटे क्लेमही करायचे आणि ही सूटही घ्यायची, यात मात्र नुकसानच.

आता खरा खर्च, जो एस्टिमेटवर कुठेच लिहिलेला नसतो. तो एनसीबीचा.

एनसीबीची पायरी सगळ्यांना ठाऊक आहे: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, 'एका वर्षाचा बोनस गेला, चालेल.' पण शून्यावरून परत ५० पर्यंत चढायला पाच वर्षे लागतात, आणि त्या प्रत्येक वर्षी तुम्ही जिथे असता आणि जिथे असायला हव्या होत्या, यात फरक राहतो. तुमचेच धरू. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ आणि मग दरवर्षी ५०. केला तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५. फरक काढा: ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे ओडीच्या सबंध एका वर्षाच्या हप्त्यापेक्षा जास्त.

एनसीबी वजा करण्याआधीचा तुमचा ओडी हप्ता समजा ९,००० रुपये आहे. त्याचे १२० टक्के म्हणजे १०,८००. वर १८ टक्के जीएसटी. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, दरवर्षी उतरते, तसा ओडीही थोडा उतरतो, म्हणून आकडा प्रत्यक्षात काहीसा खाली येईल. जीएसटी धरून दहा-अकरा हजार धरायला हरकत नाही. म्हणजे २,९०० रुपये मिळवण्यासाठी पाच वर्षांत मिळून दहा हजारांवर पाणी सोडायचे. तुमचा स्वतःचा ओडी आकडा पॉलिसीवर आहे, तो घेऊन ही बेरीज पाच मिनिटांत होते. ती केल्याशिवाय क्लेमचा फोन लावू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

हीच बेरीज नव्या गाडीला वेगळी येते. पहिल्याच वर्षी काच फुटली, तर क्लेम न केल्यास २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढण आणि केल्यास शून्य, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज जेमतेम ५० टक्के: २०, ५, १०, १०, ५. पन्नास टक्क्यांवर पोचलेल्याला मात्र १२५ टक्क्यांचा फटका. मागे जाण्याची किंमत वर पोचलेल्याला सर्वात जास्त असते, म्हणून जुन्या, क्लेम न केलेल्या गाडीवाल्याने सर्वात जास्त विचार करावा. व्यवहारात उलटे होते. 'इतकी वर्षे पैसे भरले, एकदा तरी वसूल करू' म्हणून तेच क्लेम करतात.

तुमच्या पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट घेतलेले असेल तर गणित बदलते, कारण ठराविक क्लेमपर्यंत बोनस तसाच राहतो. पण तेही संरक्षण बहुधा वर्षाला एखाद-दोन क्लेमपुरतेच. काही कंपन्यांकडे 'काच, प्लॅस्टिक, फायबर, रबर यांची दुरुस्ती केल्यास एनसीबी जाणार नाही' असे ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर, असते. त्यातला 'दुरुस्ती' हा शब्द नीट वाचा. पुढची विंडशील्ड दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा अशी लॅमिनेटेड असते. खडा लागून टिकली पडली तर त्यात रेझिन भरून ती दुरुस्त होते. दाराची काच सहसा टफन्ड असते. ती भट्टीत तापवून झटक्यात थंड केलेली असते, पृष्ठभागावर दाब आणि आत ताण. एका बिंदूला धक्का पोचला की सगळी काच एकदम बोथट दाण्यांत विखुरते, म्हणजे माणसाला मोठे कापत नाही. अशा काचेची दुरुस्ती होतच नाही, ती बदलावीच लागते. त्यामुळे हे ॲड-ऑन दाराच्या काचेला उपयोगी पडत नाही.

मग क्लेम कधी करायचा? पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये रात्री टोळके येऊन रांगेतल्या सगळ्या गाड्या कोयत्याने आणि दांडक्याने फोडते, असे प्रकार आपण पाहिले आहेत. तशा गाडीच्या चारही काचा, विंडशील्ड, बॉनेट, आरसे मिळून बिल तीस-चाळीस हजारांत जाते. तिथे अजिबात मागेपुढे पाहू नका, क्लेम करा. कोणी हेतुपुरस्सर केलेले नुकसान पॅकेज पॉलिसीत येते. दंगल-संप येतो, गारपीट, वादळ, पूर येतो, दरड येते. पावसाळ्यात गवत कापायच्या मशीनखालून उडालेला खडा दाराच्या काचेवर बसणे हे तर सोसायट्यांत आणि कोकणात नेहमीचे, तेही अपघाती बाह्य कारणात बसते. मालवणात नारळ पडून मागची काच आणि टप दोन्ही गेलेली गाडी मी पाहिली आहे, तिचा क्लेम कोणतीही खळखळ न होता मंजूर झाला. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मात्र स्वतःच्या काचेला एक रुपयाही मिळत नाही, कारण ती पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते.

सोसायटीतल्या मुलांच्या चेंडूने काच फुटली आणि पालकांनी पैसे दिले, तर मग क्लेम करू नका. विमा नुकसान भरून देण्यासाठी असतो, एकाच काचेचे पैसे दोन्हीकडून घेणे हा गैरव्यवहारच.

क्लेम करायचा ठरलाच तर आधी कंपनीला कळवा आणि परवानगीशिवाय काच बदलू नका. जुन्या पॉलिसीच्या अटीत तर सर्व्हेआधी स्वतःहून करता येणाऱ्या दुरुस्तीची मर्यादा अवघी ५०० रुपये लिहिलेली आहे. हल्ली छोट्या क्लेमला मोबाइलवरून फोटो किंवा व्हिडिओ चालतो, सर्व्हेअर प्रत्यक्ष येईलच असे नाही. काचेचे दाणे सीटवर आणि जमिनीवर पडलेले असतानाच फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असा एक फोटो हवाच. कळवायला उशीर झाला म्हणून घाबरून जाऊ नका. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या सबबीवर नकार देऊ नये, असे विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेले आहे. उशिराचे कारण मात्र खरे आणि लेखी द्या.

सर्व्हे होईपर्यंत गाडी उघडी ठेवू नका. जाड प्लॅस्टिक घेऊन दाराच्या चौकटीच्या आतून आणि बाहेरून लावा. त्या दाराच्या पॉवर विंडोचे बटण कोणी दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारा. हे का सांगतो, तर भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी एक दार उघडून पाहिले होते. मालकाने काच फुटल्यावर 'चालते का बघू' म्हणून तीन-चार वेळा बटण दाबले होते. दारात उरलेली काचेची किनार आणि दाणे काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरच्या केबलमध्ये अडकले, केबल पुलीवरून उतरली आणि मोटर जळाली. रेग्युलेटर आणि मोटर ही काचेहून महाग. सर्व्हेअर म्हणून मला ते नुकसान क्लेममध्ये धरता आले नाही, कारण ते फोडणाऱ्याने केलेले नव्हते. पॉलिसीत आणखी नुकसान होऊ नये म्हणून काळजी घेण्याची अट असते. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो, चूक साधी होती आणि भुर्दंड मोठा.

काच बसवताना, पैसे कोणीही भरो, दाराचे आतले पॅड काढून घ्या. दाराच्या पोकळीत मूठ-दोन मूठ काच पडलेली असते. व्हॅक्यूम लावून ती काढायची आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोके असतात ती मोकळी आहेत ना, हे स्वतः वाकून बघायचे. ती चुऱ्याने बुजली की पावसाळ्यात दारात पाणी साठते आणि दोन वर्षांत दाराची खालची कड गंजते. हे काम लेबरमध्ये धरलेले आहे का, ते एस्टिमेट घेतानाच विचारा. काच वर-खाली सरकते ती रबराची पन्हळ तपासून घ्या. तिच्यात एक दाणा राहिला तरी नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभा ओरखडा येतो.

तुम्ही खिशातून भरणार असाल, तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जायची सक्ती नाही. काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव आणि आयएसआयची खूण असते, ती पाहून घ्या आणि शेजारच्या दाराच्या काचेशी ताडून बघा. सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा असाही इंडिया ग्लास या कंपन्यांची काच बऱ्याच गाड्यांत मूळचीच असते, सेक्युरिटचा एक कारखाना तर आपल्याच चाकणला आहे. रंगाची छटाही जुळायला हवी, नाहीतर एक दार वेगळे दिसते. फिल्म लावायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, दाराच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७०. फुटलेल्या काचेवर फिल्म होती तर तिचे पैसे विम्यातून येत नाहीत, ती वेगळी ॲक्सेसरी म्हणून नोंदवलेली असेल तरच विचार होतो. बाहेरच्या आरशाचेही एक सांगतो. नुसती आरशाची काच बदलली तर घसारा नाही, पण पूर्ण असेंब्ली बदलली तर तिचा प्लॅस्टिकचा भाग ५० टक्क्यांत जातो, तिथे झीरो डेप खरे कामाला येते.

क्लेम नोंदवून झाला असेल आणि आता मन बदलले असेल, तर पैसे निघण्याआधी तो मागे घ्या आणि शून्य रकमेने बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा. क्लेम घेऊन पुढच्या वर्षी कंपनी बदलायची आणि एनसीबी तसाच सांगायचा, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. कंपन्या एकमेकींकडून खातरजमा करतात, आणि पुढे मोठा अपघात झाला की नेमका त्याच कारणावर क्लेम अडतो.

राहिला लॅपटॉप. तो गाडीचा भाग नाही, म्हणून गाडीच्या पॉलिसीत तो येत नाही. वैयक्तिक वस्तूंचे ॲड-ऑन घेतलेले असेल तरच त्याचा विचार होतो, आणि त्यातही लॅपटॉप वगळलेला नाही ना हे वाचून घ्या. लॅपटॉप कंपनीचा असेल तर ऑफिसला आजच कळवा, त्यांचा वेगळा विमा असू शकतो. दोन्ही बाबतींत एफआयआर लागेल, म्हणून काचेचा क्लेम करणार नसलात तरी पोलीस ठाण्यात जा. चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते आणि तोडफोडीचे नुकसान कलम ३२४ खाली. तक्रारीत दोन्ही गोष्टी लिहून घ्या: काच फोडली आणि बॅग नेली. लॅपटॉपचा सीरियल नंबर खोक्यावर किंवा बिलावर असतो, तो तक्रारीत नक्की घाला. ऑफिसच्या इमारतीचे सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांतच पुसले जाते, तेव्हा सोसायटीला किंवा व्यवस्थापनाला ते राखून ठेवण्याचे पत्र आजच द्या आणि त्याची पोच घ्या.